पद्मिनीचा दरवाजा कुठे मिळेल?

परवा घाटकोपरच्या एका गॅरेजमध्ये जुनी पद्मिनी उभी दिसली. डावा दरवाजा खालून पार सडलेला. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पत्रा मारून, लांबी भरून देतो. पण ओरिजिनल दरवाजा आता विसरा."

गंमत बघा, ही गाडी बनायची कुठे? त्याच एलबीएस रोडने पुढे, कुर्ल्यात. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीत. आज त्या जागेवर कोहिनूर सिटी आहे. 1964 ला फियाट 1100 डिलाइट आली, तीच पुढे पद्मिनी झाली. साचा जवळपास तोच राहिला, म्हणून एकीचं बॉनेट दुसरीला बसायचं. आधीच्या 'डुक्कर फियाट'चा दरवाजा मात्र चालत नाही, तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे.

2000 च्या सुमारास उत्पादन थांबलं, तरी पार्ट मिळत राहिले. का? टॅक्सीमुळे! टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा. भंगारात निघालेली काळी-पिवळी जाता जाता घरच्या पद्मिनींना दरवाजे, मडगार्ड, डिकी देऊन जायची. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. आपण फोटो टाकले, हळहळलो. पण पार्टचा झराही तिथेच आटला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून सांगतो, सोसायटीत पद्मिनी धूळ खात पडली असेल तर वजनावर विकण्याआधी एखाद्या पद्मिनीवाल्याला विचारा. आणि पार्ट घेणाऱ्यांनो, गाडीच्या कागदांची झेरॉक्स मागा. चोरीचा माल नको.

मुंबईत बनलेली गाडी मुंबईत तरी चालती राहू दे.