सेंटिनेल नोड शोधणारं हायब्रिड इमेजिंग: एकाच इंजेक्शनमध्ये किरणोत्सर्ग आणि प्रकाश

जिभेवर छोटीशी गाठ. बायोप्सीत कॅन्सर निघाला. मानेत हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीही स्वच्छ. तरी डॉक्टर म्हणतात, मानेतल्या गाठी काढाव्या लागतील. घरच्यांना प्रश्न पडतोच, काही दिसत नसताना मान कशाला उघडायची?

कारण असं, की सुरुवातीच्या स्टेजच्या साधारण २० ते ३० टक्के पेशंटमध्ये कॅन्सरच्या पेशी मानेतल्या लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे लसिका ग्रंथींपर्यंत, पोचलेल्या असतात. फक्त त्या स्कॅनमध्ये दिसण्याइतक्या वाढलेल्या नसतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. मानेतल्या ग्रंथी आधीच काढल्या त्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात होते. मानेत गाठ आल्यावरच ऑपरेशन केलं त्या गटात ६७.५ टक्के. म्हणजे नुसती वाट बघणं महागात पडतं.

पण मग उरलेल्या ७०-८० टक्के लोकांचं काय? त्यांच्या ग्रंथी स्वच्छ असतात आणि तरीही मान उघडली जाते. पुढे खांदा दुखतो, हात नीट वर जात नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या तर हाताला कायमची सूज येऊ शकते. हे टाळता येईल का, यावरच सेंटिनेल नोडची कल्पना उभी आहे.

वेशीवरची चौकी

सेंटिनेल म्हणजे पहारेकरी. गाठीच्या भागातला लसिका द्रव ज्या ग्रंथीत सगळ्यात आधी जातो, ती सेंटिनेल नोड. कधी एक, बऱ्याचदा दोन-तीन. गावात शिरणारा माणूस आधी वेशीवरच्या चौकीत दिसणार. चौकीत कोणी आलंच नसेल तर गावभर झडती घ्यायची गरज सहसा नसते. रॅमन काबानास यांनी १९७७ मध्ये शिश्नाच्या कॅन्सरसाठी ही कल्पना मांडली. डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये त्वचेच्या मेलानोमात निळा रंग टोचून ही ग्रंथी शोधली, आणि १९९३ मध्ये डेव्हिड क्रॅग यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये गॅमा प्रोब वापरला.

हायब्रिड कशाला म्हणायचं?

इथे दोन वेगळ्या गोष्टींना हाच शब्द वापरतात, म्हणून गोंधळ होतो.

पहिली म्हणजे स्पेक्ट-सीटी. गाठीच्या कडेने टेक्निशियम-९९एम लावलेले बारीक कण टोचतात. गॅमा कॅमेऱ्यावर ग्रंथी ठिपक्यासारखी दिसते, पण ठिपका नेमका कशाच्या मागे आहे ते कळत नाही. त्याच टेबलवर पेशंटला न हलवता सीटी काढून दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवली, की ठिपका कुठल्या स्नायूजवळ, कुठल्या शिरेपाशी आहे ते दिसतं. सर्जनच्या हातात नकाशाच येतो.

अडचण ऑपरेशन टेबलवर येते. जिभेखालच्या भागात कॅन्सर असेल तर इंजेक्शनची जागा आणि ग्रंथी यांच्यात अंतर फारच थोडं असतं. इंजेक्शनच्या जागेचा किरणोत्सर्ग इतका जोरात, की प्रोबला शेजारची ग्रंथी वेगळी ऐकूच येत नाही. हॅलोजनच्या झोताशेजारी पणती ठेवल्यासारखं.

म्हणून दुसरा हायब्रिड, म्हणजे खुद्द इंजेक्शनच. इंडोसायनिन ग्रीन, म्हणजे आयसीजी, हा जुना रंग. त्याचा प्रकाश डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड भागात पडतो आणि खास कॅमेऱ्यात चमकतो. पण नुसता टोचला तर तो पहिल्या ग्रंथीत न थांबता पुढे सरकतो, आणि साधारण एक सेंटिमीटरपेक्षा खोल असेल तर दिसतही नाही. ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी तो टेक्निशियमवाल्या अल्ब्युमिन कणांमध्ये मिसळला. आयसीजी अल्ब्युमिनला आपोआप चिकटतो, त्यामुळे दोन्ही खुणा एकाच ग्रंथीत थांबतात. २०११ मध्ये प्रोस्टेटच्या रोबोटिक ऑपरेशनमधले सुरुवातीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे तोंड, त्वचा, स्तन अशा कॅन्सरमध्येही हे वापरलं गेलं.

आदल्या दिवशी इंजेक्शन आणि स्कॅन, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असंही चालतं. टेक्निशियमचं अर्धायुष्य ६ तास, म्हणजे १८ तासांनी आठवा हिस्सा उरतो, तो प्रोबला पुरतो. खोलवर प्रोबच्या आवाजाने वाट काढायची, जवळ पोचलं की कॅमेऱ्यातली चमक बघायची.

चमकली म्हणजे कॅन्सर नाही

हा गैरसमज सगळ्यात जास्त त्रास देतो. स्कॅन फक्त पत्ता सांगतो. कॅन्सर आहे की नाही हे पॅथॉलॉजिस्ट ग्रंथीचे बारीक काप करून, मायक्रोस्कोपखाली बघून ठरवतो. उलट कॅन्सरने पूर्ण भरलेल्या ग्रंथीत द्रव शिरतच नाही, ती चमकणारही नाही. म्हणूनच हाताला गाठ लागत असेल तर ही पद्धत वापरत नाहीत.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये नुसती सेंटिनेल बायोप्सी पुरते का? फ्रान्समधल्या २०२० च्या चाचणीत दोन वर्षांनी मानेत कॅन्सर न परतलेल्यांचं प्रमाण बायोप्सी गटात ९०.७ टक्के होतं, पूर्ण ऑपरेशनच्या गटात ८९.६. फरक नगण्य. मात्र हा पुरावा सेंटिनेल बायोप्सीचा आहे, हायब्रिड इंजेक्शनचा नव्हे. इंजेक्शनचं काम ग्रंथी न चुकता सापडवणं एवढंच.

यासाठी न्यूक्लियर मेडिसिन विभाग, इन्फ्रारेड कॅमेरा आणि सवयीचा पॅथॉलॉजिस्ट, तिन्ही एका छताखाली लागतात. ग्रंथीत कॅन्सर निघाला तर मानेचं मोठं ऑपरेशन करावंच लागतं, कधीकधी काही दिवसांनी दुसऱ्यांदा भूल घेऊन. होकार देण्याआधी हे विचारून घ्या, आणि आयोडीनची ॲलर्जी असेल तर तीही सांगा, कारण आयसीजीमध्ये आयोडाइड असतं.