वायरीचे माप : गीझर, एसी आणि चार्जरसाठी

जास्त वीज ओढणाऱ्या घरगुती उपकरणाला कोणत्या मापाची वायर लागेल, हे उपकरणाचा प्रवाह, वायरीचा मार्ग व लांबी आणि तिच्यामागचा एमसीबी यांवरून ठरते. भारतात हे माप तांब्याच्या काटछेदाच्या क्षेत्रफळात, म्हणजे चौरस मिलिमीटरमध्ये देतात. घरात १ पासून १० पर्यंतची मापे वापरली जातात. वायरमन त्यांना ‘दीडची’, ‘अडीचची’, ‘चारची’ म्हणतात. जुन्या घरांत ३/२२, ७/२० अशी मापे आढळतात. त्यांतला पहिला आकडा तारांची संख्या सांगतो, दुसरा गेज. गेज वाढला की तार बारीक होते.

पहिली पायरी प्रवाह काढण्याची. गीझरसारख्या उपकरणात वॅटना २३० व्होल्टने भागले की पुरते : ३,००० वॅटचा गीझर सुमारे १३ अँपिअर घेतो. एसीच्या बाबतीत पाटीवर छापलेला कमाल प्रवाहच धरावा. ‘दीड टन’ हे थंडाव्याचे माप आहे, विजेचे नव्हे.

वायर तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. नेहमीचे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. त्यापुढे ते कडक होते, तडकते आणि शेवटी तार उघडी पडते. ही हानी भिंतीच्या आत होत असल्याने वर्षानुवर्षे कुणाला दिसत नाही. भिंतीतील पाइपातून एकच सर्किट जात असेल आणि भोवतालचे तापमान ३० अंश असेल, तर दीडची वायर १७.५, अडीचची २४, चारची ३२ आणि सहाची ४१ अँपिअर वाहू शकते. मात्र हे आकडे जसेच्या तसे वापरणे महाराष्ट्रात बहुधा चुकते. ४५ अंशांना क्षमता ०.७९ पट उरते. त्याच पाइपात दुसरे भारलेले सर्किट असेल, तर आणखी ०.८ पट. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्याच्या स्लॅबमधून दोन एसींच्या वायरी एकाच पाइपाने नेल्या, तर अडीचच्या वायरीची क्षमता २४ वरून १५ अँपिअरवर येते. तिच्यामागे १६ अँपिअरचा एमसीबी असेल, तर तिथे चारचीच वायर हवी.

एमसीबी प्रामुख्याने वायरीच्या रक्षणासाठी असतो, ही बाब सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. उपकरणाचा प्रवाह एमसीबीच्या आकड्याहून जास्त नसावा आणि एमसीबीचा आकडा वायरीच्या प्रत्यक्ष क्षमतेहून जास्त नसावा, हा मूळ नियम. घरगुती एमसीबी थोड्या जादा भाराला लगेच पडत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी २३ अँपिअर प्रवाह तासाभरापर्यंतही चालू देऊ शकतो. म्हणून वारंवार ट्रिप होणारा एमसीबी काढून तिथे मोठा बसवणे अत्यंत धोक्याचे आहे. त्याने ट्रिपिंग थांबते, पण आता वायरच फ्यूजसारखी जळू शकते. मोठा एमसीबी हवा असेल, तर आधी वायर बदलावी लागते.

अंतर लांब असेल तर व्होल्टेजची घटही पाहावी लागते. २० मीटरवरच्या ३,००० वॅटच्या गीझरला दीडची वायर दिल्यास जाऊन-येऊन ४० मीटर तारेत सुमारे ७ व्होल्ट जातात आणि ९० वॅट उष्णता वायरीतच निघते. अडीचच्या वायरीत ही घट ४ व्होल्टच्या आसपास राहते. गीझरला अडीचची वायर, १६ अँपिअरचे सॉकेट आणि वेगळे सर्किट देण्याची रीत म्हणूनच योग्य आहे.

विजेच्या मोटारीचा ७.४ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर घेतो आणि तोही सलग कित्येक तास. ४० अंशांत सहाच्या वायरीची क्षमता ३६ अँपिअरच्या खाली येते, त्यामुळे ४० अँपिअरच्या एमसीबीसह १० चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी.

वरील सर्व आकडे तांब्याचे आहेत. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असल्याने तेवढ्याच रोधासाठी त्याचे क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त लागते. पीव्हीसी वायरीवर आयएस ६९४ या मानकाचा आयएसआय शिक्का असावा. सॉकेटमधला स्क्रू सैल असेल, तर योग्य मापाची वायरही तिथेच तापून जळते.