बंब, बजेट आणि वर्गमूळ

गेल्या महिन्यात ऑफिसमध्ये एक डॅशबोर्ड बनवला. एका क्लायंटच्या सिस्टीमचा सरासरी रिस्पॉन्स टाइम त्यावर दिसतो. आकडा मस्त हिरवा. आम्ही खूश, मॅनेजर खूश. आणि तरीही क्लायंटच्या एका ब्रँचमधून रोज फोन : "स्क्रीन उघडतच नाहीये हो!" चार दिवस आम्ही त्यांच्या नेटवर्कला शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी डेटा ब्रँचप्रमाणे फोडून बघितला, तेव्हा कळलं की बाकी सगळीकडे सुसाट चाललंय आणि ही एकटी ब्रँच मरतेय. सरासरीत ती दिसतच नव्हती. डॅशबोर्ड मीच लिहिलेला, त्यामुळे बोलणार कुणाला?

तेव्हा टीममधले एक सिनियर म्हणाले, "अरे, न्यूयॉर्कच्या फायर ब्रिगेडचं वाचलंयस का?" नव्हतं वाचलं. मग दोन वीकेंड त्यातच गेले. त्याचाच हा लेख. जरा मोठा आहे, चहा घेऊन बसा.

तर गोष्ट सुरू होते साठच्या दशकाच्या शेवटी. न्यूयॉर्कमध्ये आगी आणि अलार्म दोन्ही भराभर वाढत होते. खोटे अलार्म तर विचारूच नका. ब्रॉन्क्सचा दक्षिण भाग, ब्रुकलिनमधलं ब्राऊन्सव्हिल अशा गरीब, दाट वस्त्यांमधले बंब वर्षाला हजारो कॉल घेत होते. एक आग विझवून परत येईपर्यंत दुसरी. साउथ ब्रॉन्क्सच्या इंजिन कंपनी ८२ मधल्या डेनिस स्मिथ या जवानाने १९७२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते तडाखेबंद खपलं. (तिथे 'कंपनी' म्हणजे एक गाडी आणि तिच्यावरची माणसं. पाण्याच्या पंपाची ती इंजिन कंपनी, शिडीची ती लॅडर कंपनी.)

जवानांच्या युनियनचं म्हणणं सरळ होतं : काम वाढलंय, माणसं आणि गाड्या वाढवा. शहराचं म्हणणंही सरळच : पैसे नाहीत.

महापौर जॉन लिंडसे हे तरुण, सुधारणावादी गृहस्थ. त्यांनी रँड कॉर्पोरेशनला बोलावलं. रँड म्हणजे शीतयुद्धाच्या काळात अमेरिकन हवाई दलासाठी अणुयुद्धाची गणितं मांडणारी संस्था. १९६९ मध्ये खास शहराच्या प्रश्नांसाठी 'न्यूयॉर्क सिटी रँड इन्स्टिट्यूट' सुरू झालं. अग्निशमन दलाचे प्रमुख होते जॉन ओ'हेगन. १९६४ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आतच प्रमुख झालेला हुशार माणूस. आकड्यांची भाषा त्यांना आवडायची. जोडी छान जमली.

आणि रँडच्या मंडळींनी खरंच चांगली कामं केली, हे आधी सांगतो. पाण्यात एक पॉलिमर मिसळलं तर पाइपातलं घर्षण कमी होतं आणि त्याच होसमधून जास्त पाणी जातं, हे 'निसरडं पाणी' त्यांनी दलाला वापरून दाखवलं. जिथून बहुधा खोटाच अलार्म येतो तिथे पहिल्यांदा कमी गाड्या पाठवायच्या, ही युक्तीही त्यांचीच. मोठी आग लागून एखाद्या भागातले सगळे बंब अडकले, तर बाकीचे कुठे हलवून ठेवायचे याचा अल्गोरिदम लिहिला. आपल्यासारख्यांना वाचताना मजा येते.

आता मुख्य गणित. बंब किती वेळात पोचतो हे मोजायला जवानांच्या हाती स्टॉपवॉच दिली. त्यातून पीटर कोलेसार आणि एडवर्ड ब्लम या दोघांनी एक सुंदर नियम मांडला (१९७३). एखाद्या भागात जितके बंब मोकळे असतील, त्यांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात पोचण्याचं सरासरी अंतर बदलतं. म्हणजे बंब चौपट केले तर अंतर निम्मं होतं. उलट बघा, बंब दहा टक्के कमी केले तर अंतर जेमतेम साडेपाच टक्के वाढतं!

बजेट कापायला बसलेल्या माणसाला याहून गोड बातमी कुठली?

इथे बजेट कोण करायचं ते सांगायला हवं. महापौर मसुदा मांडायचे. मंजुरी द्यायची 'बोर्ड ऑफ एस्टिमेट' नावाच्या मंडळाने (महापौर, कंट्रोलर, काउन्सिलचे अध्यक्ष आणि पाच बरोंचे अध्यक्ष) आणि सिटी काउन्सिलने, म्हणजे नगरसेवकांच्या सभेने. सभेत चर्चा व्हायची एकूण रकमेवर. त्या रकमेत कुठल्या गल्लीतलं केंद्र चालू ठेवायचं आणि कुठलं बंद, हे प्रशासन ठरवणार. म्हणजे मोठा आकडा लोकप्रतिनिधींपुढे आणि छोटी, खरी चटके देणारी यादी खात्याच्या टेबलावर. यादी बनवायला मॉडेल तयारच होतं.

मॉडेलने मोजलं काय? बंब पोचायला लागणारा वेळ. कारण तो मोजता येतो. पोचल्यावर किती माणसं उतरली, शिडीवाले सोबत होते का, आधीच्या आगीने ते किती दमले होते, याचा आकडा काढणं अवघड. ते बाजूला राहिलं. केंद्र कुठे असावं हे तपासणाऱ्या मॉडेलमध्ये तर आणखी एक गृहीतक होतं : प्रत्येक बंब आपल्या केंद्रात मोकळा उभा आहे.

आता याचा परिणाम बघा. साउथ ब्रॉन्क्स म्हणजे जुनी, दाट चाळवजा वस्ती. तिथे केंद्रं जवळजवळ होती. मॉडेलच्या डोळ्यांना तिथला वेळ उत्तम दिसणार आणि एखाद-दुसरं केंद्र 'जादा' वाटणार. स्टेटन आयलंडसारख्या विरळ भागात केंद्रं लांब लांब, म्हणजे वेळ वाईट, म्हणजे तिथे गाड्या वाढवा. कागदावर एकदम न्याय्य!

मी स्वतः एक हिशोब करून पाहिला. दोन भाग घ्या, दोन्हीकडे बारा बारा बंब. पहिला शांत, बाराही बंब सहसा घरीच. त्यातले दोन काढले तर अंतर वाढतं साडेनऊ टक्के. चालून जाईल. दुसऱ्या भागात आगी इतक्या की कुठल्याही क्षणी आठ बंब बाहेर. मोकळे चार. तिथले दोन काढले तर आगी काही कमी होत नाहीत, आठ बाहेर लागतातच. मोकळे उरले दोन. अंतर वाढलं ४१ टक्के! कागदावर दोन्हीकडे दोनच बंब कमी झाले. आणि गंमत म्हणजे वर्गमूळाच्या नियमात 'मोकळे बंब' असंच म्हटलंय. सूत्राला हे ठाऊक होतं. वापरताना ते गळालं.

१९७२ च्या शेवटी पहिली मोठी कपात झाली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत डझनावारी कंपन्या बंद झाल्या किंवा हलवल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याच अशाच जळत्या वस्त्यांमधल्या. जो फ्लड या पत्रकाराने २०१० मध्ये 'द फायर्स' नावाचं पुस्तक लिहिलंय. तो म्हणतो की मॉडेलने वजनदार वस्तीतलं केंद्र सुचवलं तर ते वगळून यादीत खाली जायचे, जिथे ओरडणारं कुणी नाही तिथपर्यंत. म्हणजे गणितही पुरतं पाळलं गेलं नाही.

आता याच काळातला दुसरा सीन. १९६८ मध्ये शहराने नवा बिल्डिंग कोड आणला होता. त्यात उंच इमारतींचे नियम बरेच सैल झाले : जिने कमी, बांधकाम हलकं. ५ ऑगस्ट १९७० ला मॅनहॅटनच्या टोकाला 'वन न्यूयॉर्क प्लाझा' या पन्नास मजली इमारतीत तेहतिसाव्या मजल्यावर आग लागली. लिफ्ट नेमकी आगीच्या मजल्यावर जाऊन उघडली आणि दोघांचा मृत्यू झाला. ओ'हेगन यांनी हा विषय लावून धरला. उंच इमारतींमधल्या आगींचे ते जाणकारच, १९७७ मध्ये त्यावर त्यांनी जाडजूड पुस्तकही लिहिलं. सुनावण्या झाल्या, बिल्डर लॉबीने विरोध केला, पण १९७३ मध्ये सिटी काउन्सिलचा 'लोकल लॉ ५' आला. शंभर फुटांवरच्या ऑफिस इमारतींत एक तर स्प्रिंकलर लावा, नाही तर मजल्याचे आगरोधक कप्पे पाडा. लिफ्ट आगीच्या वेळी आपोआप खाली आली पाहिजे. मालक कोर्टात गेले, वर्षं गेली, पण कायदा टिकला.

मला इथे थांबावंसं वाटलं. तेच शहर, तेच काउन्सिल, तोच अधिकारी. काचेच्या टॉवरमधल्या दोन मृत्यूंवर कायदा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण ब्रॉन्क्सची केंद्रं बंद झाली ती कुठला कायदा न करता, बजेटच्या एका ओळीत. टॉवरची आग सभेपुढे 'विषय' म्हणून आली. ब्रॉन्क्सची आग आली सरासरीच्या पोटात लपून.

मग १९७५ उजाडलं. वर्षानुवर्षं कर्ज काढून रोजचा खर्च भागवणाऱ्या शहराला बँकांनी कर्ज नाकारलं. महापौर होते एब बीम. १ जुलैच्या सुमाराला सुमारे पाच हजार पोलीस आणि दीड हजारांवर अग्निशमन जवान कामावरून कमी केले. (काही थोड्या दिवसांत परत घेतले.) सप्टेंबरमध्ये राज्याने सात जणांचं आर्थिक नियंत्रण मंडळ नेमलं. राज्यपाल, महापौर, दोन कंट्रोलर आणि राज्यपालांनी नेमलेले तिघे. काउन्सिलने काहीही ठरवलं तरी शेवटचा शब्द या मंडळाचा. नगरसेवकाकडे जाऊन भांडायची सोयही उरली नाही.

तरी काही लोक भांडले. ब्रुकलिनच्या नॉर्थसाइड भागात लाकडी घरांची, कामगारांची वस्ती होती, बरेच पोलिश. नोव्हेंबर १९७५ मध्ये तिथली इंजिन कंपनी २१२ बंद करायला आले, तर रहिवासी केंद्रात घुसले आणि बंब बाहेर जाऊ दिला नाही. पाळ्या लावून, अंथरुणं टाकून तिथेच राहिले. सुमारे सोळा महिने! नाव दिलं 'पीपल्स फायरहाउस'. शेवटी शहर नमलं आणि टप्प्याटप्प्याने केंद्र परत सुरू झालं. याच लोकांनी पुढे संस्था काढून घरांचे आणि मुद्दाम लावलेल्या आगींचे प्रश्न हातात घेतले. ते केंद्र २००३ मध्ये, महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात, पुन्हा बजेटपायी कायमचं बंद झालं. तेही आता सांगून टाकतो.

ब्रॉन्क्सचं काय झालं? १९७० मध्ये १४ लाख ७० हजारांवर असलेली बरोची लोकसंख्या १९८० मध्ये ११ लाख ७० हजारांच्या खाली आली. फ्लडने दिलेला आकडा अंगावर येतो : जनगणनेच्या सात विभागांत दहा वर्षांत ९७ टक्क्यांहून जास्त इमारती आगीत किंवा ओसाड पडून नष्ट झाल्या. ऑक्टोबर १९७७ मध्ये यांकी स्टेडियमवर बेसबॉलची वर्ल्ड सिरीज चालू असताना टीव्हीच्या हवाई कॅमेऱ्याने जवळच पेटलेली एक रिकामी शाळा देशभर दाखवली. 'ब्रॉन्क्स जळतंय' हे समालोचकाच्या तोंडी घातलेलं प्रसिद्ध वाक्य तो प्रत्यक्षात बोललाच नव्हता.

हे सगळं एका सूत्राने केलं असं म्हणणं चुकीचं होईल. बँका या वस्त्यांना कर्ज देत नव्हत्या, घरमालक इमारती सोडून जात होते, विम्याच्या पैशांसाठी आगी लावल्या जात होत्या. २०२५ मध्ये आलेल्या बेंच ॲन्सफील्ड यांच्या पुस्तकात तर विम्याचाच धागा मुख्य आहे. उलट डेबोरा आणि रॉड्रिक वॉलेस या संशोधक दांपत्याने १९९८ च्या पुस्तकात बोट ठेवलं ते केंद्रांच्या कपातीवर. वाद चालू आहे. पण घर कुणीही पेटवलेलं असो, विझवणारा बंब जवळ नसेल तर शेजारचं घर जातं, एवढं तर खरं ना?

मला यात सगळ्यात बोचलं ते हे की रँडची माणसं खलनायक नव्हती. हुशार होती, मेहनती होती, आपल्यासारखीच होती. त्यांना प्रश्न मिळाला : 'कमीत कमी नुकसानीत किती कापता येईल?' त्यांनी उत्तर दिलं. 'नुकसान' कशात मोजायचं, आणि ते कुणाच्या वाट्याला जाईल, हा प्रश्न सभेचा होता. तिथे माणसं भांडली असती, वेळ गेला असता, पण ब्रॉन्क्सचं नाव तरी निघालं असतं. आकडा आला आणि भांडणच मिटलं.

सोमवारी ऑफिसला गेल्यावर मी डॅशबोर्डवरची सरासरी काढून टाकली. आता प्रत्येक ब्रँचची वेगळी ओळ आहे, आणि सगळ्यात वाईट ओळ सगळ्यात वर. मॅनेजर म्हणाले, "अरे, हे फारच लाल दिसतंय." म्हटलं, "सर, आहेच ते तसं."

असो. पुढच्या वेळी महापालिकेच्या बजेटची बातमी आली की एकूण आकडा वाचून पान उलटू नका. आपल्या भागातला बंब कुठे उभा असतो, तेवढं एकदा बघून या.