डायनासोरच्या शेणात भाताचे भाऊबंद

भात हे एक गवत आहे, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. गहू, ज्वारी, ऊस, बांबू, गणपतीच्या दूर्वा... सगळी एकाच घराण्यातली मंडळी. पण हे घराणं किती जुनं? या प्रश्नाचं उत्तर बदललं ते आपल्या चंद्रपूर जिल्ह्यामुळे, आणि तेही चक्क शेणामुळे!

वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनासोरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. डायनासोर संपले आणि नंतर गवत पसरलं, असा तोवर साधारण समज होता. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गोळे तपासले आणि २००५ साली जाहीर केलं की आत गवत आहे. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं!

आता इतकी वर्षं गवत टिकेल कसं? पान टिकत नाहीच, पण त्यातली वाळू टिकते. गवताची मुळं पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका ओढून घेतात आणि ती पेशींमध्ये घट्ट बसते. भाताचं पातं हाताला कापतं आणि तुसाच्या राखेने भांडी लख्ख निघतात, ती तिच्यामुळेच. पान कुजलं तरी हे सूक्ष्म कण उरतात, आणि त्यांच्या आकारावरून गवताचं कूळ ओळखता येतं. भाताच्या कुळातले काही कण डमरूसारखे, पानात आडवे बसलेले. २०११ साली याच गटाने मध्य भारतातल्या नमुन्यांवरून दाखवलं की भाताचं कूळसुद्धा तेव्हा वेगळं झालेलं होतं. भारत तेव्हा आशियाला जोडलेलाही नव्हता.

इथे थोडं सांभाळून. हे वाचून 'तांदूळ आमचाच' असा मेल फॉरवर्ड करायची हुक्की येते. पण हे कूळ म्हणजे आपला आंबेमोहोर नव्हे, त्याचे फार लांबचे भाऊबंद. शेतात लावलेल्या भाताचे सर्वांत जुने पुरावे चीनच्या यांगत्से खोऱ्यातले, साधारण ९००० वर्षांपूर्वीचे. रानभाताचे दाणे पिकले की आपोआप गळतात. न गळणारी लोंबी माणसाने वर्षानुवर्षं निवडली, तेव्हा कुठे हा भात झाला. साडेसहा कोटींपुढे ९००० म्हणजे कालची गोष्ट.

आणि हो, त्या डायनासोरांना गवत विशेष आवडत असावं असंही नाही. गोळ्यांमध्ये इतर झाडपाल्याचेच अवशेष जास्त आहेत. गवत मधेच तोंडी लावल्यासारखं, थोडंसंच.