आईची पोस्टकार्डे

श्रोतेहो, इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे शिलालेख, ताम्रपट आणि बखरी येतात. पण इतिहास कधीकधी सुतळीने बांधलेल्या पोस्टकार्डांच्या जुडीतही सापडतो. ही जुडी माझ्या आईची. ती गेली, त्यानंतर तेराव्याच्या दिवशी मामांनी काही न बोलता माझ्या हाती ठेवली.

आई सांगोला तालुक्यातली. सातवीनंतर तिची शाळा सुटली. ही कार्डे तिने परगावी शिकणाऱ्या मामांना लिहिलेली. सुरुवातीला नेहमीप्रमाणे ‘ती. दादास साष्टांग नमस्कार’, आणि मग सगळी हकिकत. एका कार्डावर तारीख नाही, पोस्टाचा शिक्काही पुसलेला. मग काळ कसा ठरवायचा? पत्त्यात सहा आकडी पिनकोड आहे. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, म्हणजे कार्ड त्याच्या आधीचे नाही. आत खडी फोडण्याच्या कामाचा आणि लाल मिलोच्या भाकरीचा उल्लेख आहे. म्हणजे हे कार्ड मोठ्या दुष्काळातले.

त्या दुष्काळावर मी वर्गात कितीतरी वर्षे व्याख्याने दिली. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती, हा आकडा मला तोंडपाठ. वि. स. पागे यांच्या खटपटीतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, हेही मी सांगत असे. पण त्या ५० लाखांत माझी आई होती, हे मला ठाऊक नव्हते! मी कधी विचारलेच नाही, आणि तिनेही सांगितले नाही.

तिच्या डाव्या अंगठ्याचे नख वाकडे होते. दारात सापडले, असे ती म्हणे. कार्डात लिहिले आहे की हातोडा अंगठ्यावर बसला, तरी खाडा केला नाही. आणि शेवटच्या ओळीत विनवणी : मजुरीतून फी पाठवतो आहोत, दादाने शाळा सोडू नये. मामा पुढे शिक्षक झाले, ते या खडीवर.

जुडीत एक फोटोही आहे, १९७४ सालचा. आई खुर्चीला धरून ताठ उभी आहे. डावा हात पदराखाली. पूर्वी मला तो लाजरेपणा वाटे. आता कळते, ती अंगठा झाकते आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना घरचा माळा, जुन्या ट्रंका धुंडाळायला सांगा. शिक्का कुठला, पत्ता कसा, धान्य कोणते, हे वाचायला शिकवा. आणि ज्यांची आई हयात आहे, त्यांनी कागद शोधण्याआधी तिच्यापाशी जाऊन बसावे. कागदाला मला पुष्कळ विचारता आले. आईला विचारायचे मात्र राहून गेले.