दगडफूल आणि गवा : एकाच जंगलातल्या दोघांना सारखेच संरक्षण आहे का?

गोड्या मसाल्यातले दगडफूल आणि कोयना-चांदोलीच्या जंगलातला गवा, दोघेही सह्याद्रीचे रहिवासी. साताऱ्यातील कोयना अभयारण्य आणि सांगलीसह चार जिल्ह्यांत पसरलेले चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.

वर्गीकरण

गवा : प्राणी सृष्टी, सस्तन वर्ग, समखुरी गण, गाय-म्हशींचे बोव्हिडी कुळ. शास्त्रीय नाव बॉस गौरस. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन एक हजार किलोपर्यंत जाऊ शकते.

दगडफूल : हे फूल नव्हे, वनस्पतीही नव्हे. ते शैवाक, म्हणजे लायकेन आहे. बुरशी आणि हिरवे शैवाल यांचा हा एकत्र संसार. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते, बुरशी त्याला आसरा देते. वर्गीकरण मात्र बुरशीवरून होते : कवक सृष्टी, पार्मेलिएसी कुळ. मसाल्यातली प्रसिद्ध जात पार्मोट्रेमा पर्लेटम. बाजारातल्या मालात जवळच्या इतर जातीही मिसळलेल्या असतात.

संवर्धन स्थिती

आययूसीएनच्या लाल यादीत गवा ‘असुरक्षित’ गटात आहे. भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्येही त्याचे नाव आहे. त्याची शिकार केल्यास 3 ते 7 वर्षांची कैद होऊ शकते.

लायकेनची गोष्ट वेगळी. लाल यादीत पहिल्या दोन लायकेन जाती आल्या त्या 2003 मध्ये. सर्व प्रकारच्या बुरशी मिळून हजाराचा टप्पा ओलांडला तो 2025 मध्ये. ज्ञात बुरशींच्या जाती मात्र दीड लाखाच्या घरात आहेत. वन्यजीव कायद्याच्या अनुसूचींत दगडफुलाचे नाव नाही.

मग दगडफूल कोणीही काढावे का?

नाही. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वनोपज नेण्यास हाच कायदा मनाई करतो. फरक इतकाच, की गवा जंगलाबाहेर उसात उतरला तरी त्याचे संरक्षण त्याच्यासोबत येते. दगडफुलाला या कायद्याचा आधार उद्यानाच्या हद्दीपुरताच.

लायकेनच्या अनेक जाती वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. एकदा खरवडलेला खडक किंवा खोड पुन्हा भरायला बरीच वर्षे लागतात. त्यामुळे एखाद्या जातीचे नाव यादीत नसणे, याचा अर्थ ती सुरक्षित आहे असा होत नाही. बहुतेक वेळा तिची मोजदादच झालेली नसते.