घरपट्टी, रिकाम्या घरांवरील

ओस वा कुलूपबंद निवासी मिळकतीवर बसविलेला स्थानिक कर. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथील नगरपालिकेस पुढे १९५६ चा हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियम व त्यानंतर १९६५ चा महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम लागू झाला. या दुसऱ्या अधिनियमात भाडेमूल्यावरील आकारणीचा पाया असा : घर भाड्याने दिल्यास वाजवीपणे जे वार्षिक भाडे अपेक्षित असते, त्यातून दुरुस्तीदाखल १०% वजा जाता उरते ते करयोग्य मूल्य. भाडे प्रत्यक्षात आले की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. म्हणून ‘घर बंद आहे’ एवढ्यावर आकारणी रद्द होत नाही. दुष्काळात किंवा रोजगारासाठी बाहेर पडलेल्या मालकास हा भेद सहसा थकबाकी साचल्यावरच उमगतो. इंग्लंडमध्ये कर भोगवटादारावर असल्याने रिकामी घरे १९६६ च्या कायद्यापर्यंत सामान्यतः करमुक्त होती.

हरकत मुदतीत, लेखी आणि मोजमाप, वापर वा अपेक्षित भाडे यांवर घ्यावी लागते. अपेक्षित भाडे भाडेनियंत्रण कायद्याखालील प्रमाण भाड्याहून अधिक धरता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात दिला. रिकामेपणाचा परतावा ही निराळी बाब होय. मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमाने तो देऊ केला, पण घर रिकामे असल्याची लेखी सूचना आयुक्तांस देण्याची अट घातली.

२०२३ मध्ये जालना महानगरपालिका झाल्यावर शहरास १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू झाला. अंबड, परतूर व भोकरदन येथे १९६५ चाच अधिनियम चालू आहे.